घरचा संगणक आपोआप रीस्टार्ट का होतो?





पालक सभेत अभ्यासाच्या, गुणांच्या गोष्टी संपल्या की अलीकडे एक तक्रार हमखास कानावर येते. घरचा संगणक चालता चालता मधेच बंद होतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. कधी दिवसातून तीनदा, तर कधी आठवडाभर एकदाही नाही. मुलाचा प्रोजेक्ट अर्धा टाइप झालेला असतो, तो जातो. मग घरात चौकशी सुरू होते आणि पहिला आळ मुलावर येतो: "गेम खेळतोस, म्हणूनच बिघडला." दुकानदार सांगतो, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट होतो, पैसे जातात आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी "आता नवीनच घेऊ" येथवर गोष्ट पोहोचते.

ज्या बिघाडावर आपण "केव्हाही होतो, कसाही होतो" असा शिक्का मारतो, तो प्रायः तसा नसतो. त्यामागे एक ठराविक कारण असते आणि त्या कारणाचा एक नियम असतो. नियम दिसत नाही, कारण आपण नोंद ठेवत नाही. विज्ञानाच्या तासाला आपण निरीक्षण, नोंद, अनुमान आणि पडताळणी हा क्रम शिकतो. तोच क्रम घरच्या टेबलावर वापरला तर पैसा वाचतो, आणि निष्कारण कुणावर आळही येत नाही. या लेखात तोच क्रम समजावून घेऊ.

सर्वांत आधी: जे आहे ते सुरक्षित करा

संगणक रीस्टार्ट होऊ लागला की दुरुस्तीच्या आधी एक काम करावे. फोटो, प्रोजेक्ट, हिशेब, बोर्डाच्या फॉर्मच्या प्रती, जे काही पुन्हा मिळणार नाही ते सर्व पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरील हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे. दुसरी प्रत इंटरनेटवरील आपल्या खात्यात ठेवावी. संगणक बंद पडला तर नवीन आणता येतो, पण आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो बाजारात मिळत नाहीत. लिहिताना डिस्कचा वीजपुरवठा तुटला तर उघडलेली फाइल खराब होऊ शकते, म्हणून हे काम आजच करावे. विद्यार्थ्यांनी दर पाच मिनिटांनी 'कंट्रोल' आणि 'एस' ही कळ दाबून काम साठवण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरे काम: बिघाड वही

शाळेच्या संगणक कक्षात आम्ही प्रत्येक संगणकासाठी एक बिघाड वही ठेवतो. घरी एका जुन्या वहीची शेवटची चार पाने पुरतात. संगणक रीस्टार्ट झाला की लगेच पाच गोष्टी लिहाव्यात: तारीख व वेळ, त्या वेळी संगणकावर काय चालले होते, सुरू करून किती वेळ झाला होता, पडद्यावर काय दिसले, आणि घरात त्याच क्षणी दुसरे काय सुरू किंवा बंद झाले. शेवटचा प्रश्न लोक विसरतात, आणि उत्तर पुष्कळदा त्यातच असते.

समजा, एका घरातील वहीत अशा नोंदी आहेत:

सोमवार, सकाळी ६.४०. प्रोजेक्ट टाइप करताना. पडदा एकदम काळा, मग सुरू. नळ आले होते.
मंगळवार. दिवसभर काही नाही.
बुधवार, सकाळी ६.३५. नुसताच चालू होता. पडदा काळा. मोटर लावली होती.
शुक्रवार, सकाळी ६.४५. आई पत्र टाइप करत होती. मोटर.
रविवार, दुपारी. दोन तास गेम. काही झाले नाही.

ही पाच वाक्ये वाचल्यावर मुलाला बोल लावणे बंद होईल. आपल्या इंदूरमध्ये अनेक भागांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि त्या वेळी घरोघरी मोटर सुरू होतात. गेमचा येथे काही संबंध नाही. संबंध विजेचा आहे. हे कसे घडते ते पुढे पाहू. त्याआधी रीस्टार्टचे तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे.

पहिला प्रकार: पडदा आधी सूचना देतो

'अपडेट होत आहे, थांबा' अशी सूचना दिसते, गोल फिरते आणि संगणक व्यवस्थित बंद होऊन सुरू होतो. हा बिघाडच नव्हे. विंडोज आपली सुधारणा बसवत असते. सेटिंगमधील 'विंडोज अपडेट' या भागात 'अॅक्टिव्ह अवर्स' म्हणून सोय असते. तेथे आपल्या कामाची वेळ नोंदवली की त्या वेळेत संगणक शक्यतो आपोआप रीस्टार्ट होत नाही.

सूचना देऊन रीस्टार्ट होण्याचा एक प्रसंग मात्र इतिहासात गाजला आहे. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा कीटक, म्हणजे नेटवर्कवरून स्वतःच पसरणारा घातक प्रोग्राम, जगभर फिरला. विंडोज एक्सपी असलेल्या संगणकांवर ६० सेकंदांची उलटी गणती दिसे आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होई. विशेष म्हणजे ज्या त्रुटीतून तो आत शिरत होता ती बंद करणारी सुधारणा कंपनीने १६ जुलै २००३ रोजीच, म्हणजे जवळपास महिनाभर आधी, दिली होती. ज्यांनी ती बसवली ते वाचले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००४ च्या अखेरीस, 'सॅसर' नावाच्या कीटकाने तसाच उच्छाद मांडला. तो लिहिणारा जर्मनीतील एक विद्यार्थी होता आणि अटकेच्या वेळी त्याचे वय अवघे १८ वर्षे होते. संगणकात हुशार असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

याची दुसरी बाजूही आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमधील एका सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. त्यांपैकी पुष्कळसे पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. म्हणून अपडेट करणे आवश्यक, पण अपडेट झाल्या दिवसापासून त्रास सुरू झाला असेल तर ती तारीख वहीत असली पाहिजे. ते अपडेट काढून पाहता येते. विंडोज १० वापरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

दुसरा प्रकार: निळी पाटी क्षणभर दिसते

संगणकाच्या आत विंडोजला सावरता न येणारी चूक घडली की ती सर्व काम थांबवते आणि एक पाटी दाखवते. वर्षानुवर्षे ही पाटी निळी होती. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत २०२५ पासून ती काळी झाली आहे. अडचण अशी की पाटी वाचण्याआधीच संगणक रीस्टार्ट होतो, कारण तशी व्यवस्था आधीपासून सुरू ठेवलेली असते. ती बंद करावी. 'अॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज' उघडून 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' मध्ये जावे आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' पुढील खूण काढून टाकावी. यामुळे बिघाड बरा होणार नाही, पण पाटी थांबून राहील. तिच्यावरील 'स्टॉप कोड' मोबाइलने टिपून घ्यावा.

तीन वेळा एकच कोड आला, तर संशय प्रायः एखाद्या ड्रायव्हरवर जातो. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यातील दुभाषी. तो चुकीचे भाषांतर करू लागला की गोंधळ होतो. अलीकडे नवीन प्रिंटर, वाय-फायचे उपकरण किंवा ग्राफिक्स कार्ड लावले असेल तर त्याचा ड्रायव्हर आधी तपासावा. दर वेळी वेगळाच कोड येत असेल, तर संशय मेमरीवर, म्हणजे रॅमवर, घ्यावा. फळ्याचाच काही भाग खराब असेल तर त्यावर लिहिलेले गणित रोज वेगळ्या ठिकाणी चुकणार, तसे हे आहे.

रॅम तपासण्यासाठी विंडोजमध्येच 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' नावाचे साधन आहे. त्याहून कसून तपासणारा 'मेमटेस्ट८६+' हा विनामूल्य प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालतो. तो रात्रभर चालू द्यावा. येथे उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के चालत नाहीत. एकही चूक आढळली तरी मेमरीत किंवा तिच्या जोडणीत दोष आहे असे समजावे. संगणकात रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एक काढून एकावर चार दिवस चालवावे, मग दुसरीवर. पट्टी काढण्यापूर्वी संगणकाचा स्विच बंद करून वायर काढावी आणि हात कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. पुष्कळदा पट्टी काढून, तिचे सोनेरी टोक स्वच्छ करून, नीट 'टक' आवाज येईपर्यंत बसवली तरी काम होते.

तिसरा प्रकार: डोळ्याची पापणी लवते न लवते तोच

ना सूचना, ना पाटी. पडदा एकदम काळा होतो आणि संगणक पहिल्यापासून सुरू होतो. वर दिलेल्या वहीतील प्रकार हाच. येथे वीजपुरवठ्यापासून तपासणी सुरू करावी.

कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जिथे वायर लागते, तो डबा म्हणजे एसएमपीएस. घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे रूपांतर तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत करतो. १२ व्होल्टचा पुरवठा साधारण ११.४ ते १२.६ या मर्यादेत राहणे अपेक्षित असते. सर्व पुरवठा ठीक आहे हे सांगण्यासाठी एसएमपीएस मदरबोर्डकडे सतत एक संकेत पाठवतो. तो संकेत तुटला की मदरबोर्ड प्रोसेसरला तत्काळ थांबवतो, आणि संकेत परत आला की काम पहिल्यापासून सुरू होते. आपण ज्याला 'आपोआप रीस्टार्ट' म्हणतो, ते अनेकदा एवढेच असते. यंत्राने स्वतःला वाचवलेले असते.

वीज गेली तरी चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ ते १७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ, संगणक चालवू शकतो. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. एवढ्या अल्प वेळात यूपीएसने भार उचलला तर संगणकाला काही कळत नाही. एसएमपीएस जुना होऊन त्यातील कपॅसिटर कमजोर झाले की हा वेळ घटतो. मग दिवा नुसता लुकलुकला तरी संगणक रीस्टार्ट होतो.

आता मोटरकडे येऊ. मोटर सुरू होण्याच्या क्षणी तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह खेचते. समजा तिला चालताना ३ अँपिअर लागतात आणि सुरू होताना १६. वायरिंगचा रोध १ ओहम असेल तर दहावीच्या विद्यार्थ्यांना माहीत असलेल्या ओहमच्या नियमाने १६ व्होल्टची घट होईल. लाइन आधीच १८०-१९० व्होल्टवर उतरलेली असेल तर ही घट यूपीएसच्या किमान मर्यादेखाली जाऊ शकते. यूपीएस लगेच बॅटरीवर जातो. पण बॅटरी संपलेली असेल तर? बॅटरीवर गेल्या क्षणी पुरवठा तुटतो आणि संगणक रीस्टार्ट होतो. म्हणजे ज्याला रक्षक म्हणून ठेवले, तोच दगा देतो. लहान यूपीएसमधील १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी साधारण दोन-तीन वर्षे टिकते, आणि ती मरण पावल्याचे यूपीएस नेहमीच सांगतो असे नाही.

याची परीक्षा सोपी आहे. यूपीएसवरून संगणक काढावा आणि त्याजागी ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावावा. आता भिंतीवरील स्विच बंद करावा. वायर ओढू नये, म्हणजे अर्थिंग जोडलेले राहते. बल्ब दहा मिनिटे स्थिर जळला तर बॅटरीत दम आहे. तो लगेच विझला तर बॅटरी बदलावी. नव्या संगणकाच्या तुलनेत हा खर्च फारच किरकोळ आहे. "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी" म्हणतात, ते बॅटरीच्या दोषासाठी फॉरमॅट मारणाऱ्यांना अगदी लागू पडते.

संगणक घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असा स्विच आहे का ते पाहावे. नॉर्मल स्थितीत इन्व्हर्टर सावकाश बदलतो. पंखा आणि दिवा ते सोसतात, संगणक सोसत नाही.

याबरोबरच साध्या गोष्टी पाहाव्यात. पिन सैल आहे काय? एक्स्टेन्शन बोर्डवर संगणकासोबत इस्त्री किंवा कूलर लावला आहे काय? प्लग गरम लागतो काय? कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात काय? येत असतील तर अर्थिंग तुटलेले असण्याची दाट शक्यता आहे. एसएमपीएसमधील फिल्टर थोडी वीज धातूच्या पेटीकडे सोडतो आणि ती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. तिला वाट नसेल तर ती आपल्या हातातून वाट काढते. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून काम भागवणे आजच थांबवावे. ही बाब संगणकाच्या आरोग्याची कमी आणि मुलांच्या सुरक्षिततेची अधिक आहे. अर्थिंगची तपासणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी.

एक ताकीद: एसएमपीएसचा डबा कुणीही घरी उघडू नये. त्याच्या आत सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारित होणारे कपॅसिटर असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ भारित राहू शकतात. संशय आला तर दुकानातून चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून चार दिवस पाहावे.

उन्हाळा, कूलर आणि धूळ

माळव्याच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. खोलीच तापलेली असेल तर संगणकाचा पंखा तीच तापलेली हवा आत घेतो. बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की आधी आपला वेग कमी करतात, आणि तरीही ताप वाढला तर यंत्र बंद पडते. उष्णतेची खूण ही की संगणक प्रायः पूर्ण बंद होतो, लगेच सुरू केला तर थोड्याच वेळात पुन्हा बंद होतो, आणि थंड झाल्यावर बराच वेळ चालतो. वहीत 'सुरू करून किती वेळ झाला' हा रकाना यासाठीच ठेवला आहे.

कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये. कूलरच्या थेट समोर तर मुळीच ठेवू नये. कूलरची ओलसर हवा आणि आतली धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर थर बसतो, आणि ओलावा संपर्काच्या पिनांनाही मानवत नाही. दर सहा महिन्यांनी, विशेषतः होळी झाल्यावर आणि दिवाळीच्या सफाईत, संगणक बंद करून, वायर काढून, बाजूचे झाकण उघडावे. मऊ ब्रशने व हवेच्या ब्लोअरने धूळ उडवावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो बेफाम फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. प्रोसेसर आणि त्याच्या धातूच्या थंडावकाच्या मध्ये जी पेस्ट असते ती अनेक वर्षांनी वाळते. ती बदलणे जाणकाराचे काम आहे.

झाकण उघडलेच आहे तर मदरबोर्डवरील उभ्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर पाहून घ्यावेत. त्यांचा माथा सपाट असावा. माथा फुगलेला किंवा तपकिरी द्रव पाझरलेला दिसला तर बोर्डाचा अंत जवळ आला असे समजावे. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटर लागलेले असंख्य मदरबोर्ड जगभर असेच निकामी झाले होते. आजच्या बोर्डांवर बहुधा अधिक टिकाऊ कपॅसिटर असतात, पण जुने संगणक आजही अनेक घरांत चालू आहेत.

नवीन संगणकही याला अपवाद नाहीत. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरतेचा दोष असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, बायॉसमार्फत सुधारणा दिली आणि संबंधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे असा संगणक असेल त्यांनी मदरबोर्डचे बायॉस अद्ययावत आहे की नाही हे विक्रेत्याकडून तपासून घ्यावे आणि बिल जपून ठेवावे.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे मोटरचा किंवा लाइनचा दोष त्याला सहसा भोवत नाही. तेथे उष्णता, रॅम आणि ड्रायव्हर यांकडे आधी पाहावे. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून चालवू नये, कारण त्याची श्वास घेण्याची जाळी खालीच असते. बॅटरी फुगून कळफलक किंवा तळ वर आलेला दिसला तर तो त्याच क्षणी चार्जिंगवरून काढावा आणि वापर थांबवावा.

संगणकाची स्वतःची वही

विंडोजदेखील एक रोजनिशी लिहीत असते. शोधाच्या चौकटीत 'रिलायबिलिटी' असे टाइप केले की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' समोर येते. त्यात दिवसवार लाल खुणा दिसतात. आपल्या वहीतील तारखा तिच्याशी ताडून पाहाव्यात. 'इव्हेंट व्ह्यूअर' मधील 'सिस्टीम' या नोंदींत १०७४ हा क्रमांक असेल तर रीस्टार्ट एखाद्या प्रोग्रामने किंवा व्यक्तीने रीतसर करवलेला आहे. 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद असेल तर संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढाच तिचा अर्थ. हे नाव दाखवून कुणी "एसएमपीएस गेला" असे छातीठोकपणे सांगितले, तर ते पुरेसे प्रमाण मानू नये. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' या नावाच्या चुकीच्या नोंदी वारंवार दिसल्या तर मात्र यंत्राच्याच भागात दोष असण्याची शक्यता वाढते.

फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी एक कसोटी घ्यावी. संगणक सुरू होताना बायॉसच्या पडद्यात जाऊन तो तसाच एक-दोन तास ठेवावा. तेथे विंडोज सुरूच झालेली नसते. तेथेही रीस्टार्ट झाला तर दोष विंडोजचा नाही आणि फॉरमॅट व्यर्थ आहे. तेथे रीस्टार्ट झाला नाही, तर मात्र यंत्र निर्दोष आहे असे लगेच म्हणता येत नाही, कारण बायॉसमध्ये यंत्रावर पूर्ण भार पडत नाही. उबुंटू पेन ड्राइव्हवरून चालवून तिच्यावर दिवसभर काम करून पाहिले तर अधिक खात्री होते.

आणि या सर्व तपासणीचा मुख्य नियम: एका वेळी एकच बदल करावा. बॅटरी, रॅम आणि ड्रायव्हर एकाच रविवारी बदलले आणि त्रास थांबला, तर कशाने थांबला ते कधीच कळणार नाही. एक बदल करावा, वहीत तारीख लिहावी आणि काही दिवस थांबावे. आधी आठवड्यातून तीनदा होत असेल तर निदान दोन आठवडे वाट पाहिल्याशिवाय "बरा झाला" म्हणू नये.

दुरुस्तीला देताना

जे घरी होत नाही ते कारागिराकडे द्यावे, त्यात संकोच नाही. फक्त बिघाड वही सोबत न्यावी. चांगला कारागीर ती पाहून आनंदित होईल, कारण त्याचे अर्धे काम झालेले असते. कोणता भाग बदलला ते बिलावर लिहून घ्यावे आणि जुना भाग परत मागावा. देण्यापूर्वी आपली खासगी माहिती उतरवून घ्यावी आणि बँकेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असतील तर ते पुसावेत.

पडद्यावर अचानक "तुमचा संगणक बाधित झाला आहे, या क्रमांकावर फोन करा" अशी पाटी आली तर फोन करू नये. अशी पाटी प्रायः फसवणुकीची असते. पलीकडचा माणूस संगणकाचा ताबा मागतो आणि पुढे बँक खात्यापर्यंत पोहोचतो. पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर कळवावे.

विश्वस्त मंडळास विनंती

संगणक कक्षासाठी नवीन यंत्रांची मागणी येते तेव्हा तिच्यासोबत अर्थिंगची वार्षिक तपासणी, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि धूळ सफाई यांसाठी स्वतंत्र तरतूद असावी, अशी आमची विनंती आहे. या खर्चाचे उद्घाटन होत नाही आणि त्यावर नावाची पाटीही लागत नाही. परंतु प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी पंचवीस मुलांचे काम न पुसले जाणे हे त्याच खर्चावर अवलंबून असते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरातील संगणक असा त्रास देत असेल तर आजच वहीचे एक पान आखा आणि त्यावर पाच रकाने काढा. दोन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की ते पान संगणक कक्षात घेऊन या, आपण मिळून वाचू. पालकांनीही तोपर्यंत निकाल राखून ठेवावा. आधी पुरावा, मग आरोप, हा न्याय घरातही चालू द्यावा.

सर्वांना शुभेच्छा.

आपले,
मुख्याध्यापक